खिडकीतली बरणी

एका बाटलीतले आठ थेंब, मग दुसरीतले आठ,
मग पाच मिनिटं थांबायचं.
परीक्षानळीतलं पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही.
हिरवं झालं, तर आहे.
आणि पलीकडे शेडमधल्या सहा टाक्यांत
सगळं उलटं:
हिरवं असेल तर निवांत झोपावं.
नव्या पोरांना हे सांगताना माझीच जीभ अडखळते.

वर चार लाख पिल्लं, बोटाएवढी,
खातात, हगतात, वाढतात.
त्यांचं पाणी पूर्वी थेट ओढ्यात जायचं,
ओढा खाडीत,
आणि चिलोएची खाडी काही बोलायची नाही.
आता ते आधी माझ्याकडे येतं,
ओल्या पोत्याचा वास घेऊन.
मी ते शेवाळाला पाजते.
एकेक सुटं असेल तर डोळ्याला दिसणार नाही,
कोटींनी जमलं की वाटलेल्या कोथिंबिरीसारखं
टाकीभर फिरत राहतं, पाण्यातलं नको ते वेचत.
गाळून उरतो तो लगदा ओतिल्या नेते, बटाट्यांच्या वाफ्याला.
फुकट. बदल्यात कधी अंडी.

बाबा तो शब्द उच्चारत नाहीत.
"तुझं ते काम," म्हणतात.
ज्या वर्षी समुद्र तांबडा झाला
त्या वर्षी त्यांच्या दोरांवरचे शिंपले
दिसायला टपोरे होते.
एलादियोनं वाटीभर रस्सा प्यायला.
आधी ओठ बधिर, मग जीभ,
मग तीन दिवस त्याच्यासाठी यंत्रानं श्वास घेतला.
होडीला कुणी कुलूप लावलं नव्हतं,
तरी होडी हलली नाही
आणि हिवाळ्यात तिची फळी फळी चुलीत गेली.

तेही शेवाळच.
जात वेगळी, बाबा, मी सांगते, लांबचं नातं,
चुलत चुलत चुलत.
"भाऊबंदच ना," बाबा म्हणतात
आणि पाव मोडतात.

जूनमध्ये अकरा दिवस ढग उठले नाहीत.
दिवे होते, जनरेटर होता,
डिझेल आणणारी बोट तेवढी पलीकडच्या धक्क्याला अडकलेली.
दोन नंबरची टाकी फिकी पडली, मग तपकिरी,
मग तिच्या शेजारची.
सूक्ष्मदर्शकात डोळा घातला तर
कुणीतरी चाकासारखं तोंड गरगर फिरवत
माझं वर्षाचं पीक जेवत बसलेलं.
परीक्षानळी मात्र हिरवीगार.
"बघ रोसामेलच्या पोरी," साहेब म्हणाले,
"शनिवारपर्यंत. नाहीतर ओढ्याकडची झडप उघडायची."

घरी एक बरणी होती, मुरंब्याची,
स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीत.
बियाणं म्हणून मार्चमध्ये ठेवलेली
आणि विसरलेली.
मेलं असणार, असं धरूनच मी धक्क्यावर उतरले.

बरणी गर्द होती.
इतकी, की तिच्यातून पलीकडचं चर्च दिसेना.

बाबा चुलीत लाकूड सारत होते.
"तळाला बसायचं," म्हणाले, न वळता.
"चहा ठेवताना हलवत होतो.
हलवायला काय लागतं."

मी काही बोलले नाही.
बरणी शालीत गुंडाळली, तान्ह्याला घेतात तशी,
आणि दाराशी आले.
तेव्हा त्यांनी विचारलं,
"खातं काय ते?"
घाण, मी म्हटलं. घाण आणि उजेड.
"उजेड,"
ते जरा थांबले,
"तो इथं बेतानंच मिळतो."

मग फळीवरून दुसरी बरणी काढली, धुतलेली.
"अर्धं ठेवून जा."
झाकणाला खिळ्यानं पाडलेली तीन भोकं होती,
हवेसाठी.
भोकांच्या कडा गंजल्या होत्या.